मशीन ठणठणीत आहे

"दुखणं वाढलं तर मला फोन करा," आईला व्यायाम शिकवणाऱ्या बाई निघताना दारातच मला म्हणाल्या होत्या. "पण एकाएकी थांबलं आणि बधिर वाटायला लागलं, लघवी होईनाशी झाली, तर फोन करत बसू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या."

लेक माझ्या कडेवर होती आणि माझे केस ओढत होती. "थांबलं तर तुमचा सत्कारच करू की," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. बाईंना विनोद कळत नाही, असं म्हणून मी दार लावून घेतलं.

आईच्या कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला होता. एक्स-रेच्या फोटोत अगदी स्पष्ट दिसायचा, एकावर एक रचलेल्या डब्यांतला एकच डबा कोपर लागून पुढे यावा तसा. तीस वर्षं तिने कारखान्यात शर्टांना कॉलर लावल्या. काम सुटलं, पण मशीन सुटलं नाही. नात झाली तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली, तीही मशीन घेऊनच.

मी नियम केले. वाकायचं नाही. बाळाला उचलायचं नाही, मांडीवर मी आणून देईन. बाहेर जाताना पट्टा, झोपताना गुडघ्यांखाली उशी, दुपारी जेवणानंतर शेक. शिवण एका वेळी वीसच मिनिटं, तेही मी घड्याळ लावून. फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि रोज सकाळी तिला विचारायचे, दहापैकी किती दुखतंय?

"आले फौजदार!" ती म्हणायची. "लिहा सात. खरं तर आठ आहे, पण तुझं तोंड बघून एक कमी केला."

लेकीची वही वेगळी होती. दूध, झोप, ओले लंगोट, सगळं वेळेसकट. नवरा चेष्टा करायचा, पण माझ्या नजरेतून काही सुटत नाही असं त्यालाही वाटायचं. मला तर वाटायचंच.

सोमवारी संध्याकाळी आई मशीनवर बसली आणि दोन मिनिटांत वैतागली. "मेलं हे पेडल! दाबतेय तरी चालत नाही. वायर ढिली झाली असणार."

मी वायर हलवून बघितली, प्लग काढून पुन्हा लावला. मशीन दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. तो उद्या येतो म्हणाला.

मंगळवारी सकाळी मी पेन घेऊन फ्रिजजवळ उभी राहिले. "किती?"

"शून्य."

"आई, नीट सांग."

"नीटच सांगतेय. कमर कुठे आहे तेच कळत नाही, इतकं बरं वाटतंय."

मी कागदावर मोठं शून्य काढलं. त्याला डोळे काढले, हसरं तोंड काढलं. फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

अकरा वाजता दुरुस्तीवाला आला. आईचा जुना ओळखीचा माणूस. खुर्चीत बसला, पेडलवर पाय ठेवला आणि मशीन सुरात धावायला लागलं. "काकू, मशीन ठणठणीत आहे. आता तुम्ही बसा बरं."

आई बसली. मशीन गप्प.

"बघ! दाबतेय की नाही मी?" आईचं लक्ष सुईकडे होतं. मी टेबलाखाली वाकून पाहिलं. तिची टाच जमिनीवर होती, पाऊल पेडलवर नुसतं पडलं होतं. दाबत नव्हतंच. दुरुस्तीवाल्यानेही पाहिलं. मग त्याने सावकाश स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. "पाय झोपला असेल, काकू."

"झोपू दे बापड्याला," आई म्हणाली. "या घरात कुणीतरी झोपतंय म्हणायचं."

आम्ही तिघंही हसलो. मीसुद्धा हसले.

दुपारी नेहमीसारखी शेकायची पिशवी तिच्या कमरेखाली सरकवली आणि लेकीला भरवायला गेले. दहा मिनिटांनी आईची हाक आली. "अगं, गार झाली ही. चांगलं कढत पाणी भर."

पिशवी काढायला हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. आईला कुशीवर वळवलं. माकडहाडापाशी कातडी लालभडक झाली होती आणि मध्ये टपोरा फोड आला होता.

दारात उभ्या राहिलेल्या त्या बाईंचा आवाज तेव्हा मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"आई, लघवीला कधी गेली होतीस?"

"हा काय प्रश्न झाला?"

"कधी?"

"सकाळी जाऊन बसले होते. झाली नाही. पाणी कमी प्यायलं गेलं असेल." ती आठवायला लागली. "रात्रीही... थोडीशीच झाली बहुतेक."

टेबलावर वही उघडी पडली होती. सात दहा, ओला. साडेनऊ, ओला. बारा पाच, ओला. लेकीचा एकही लंगोट चुकला नव्हता.

"बसायच्या जागी हात लावला तर कळतो?"

या वेळी तिने मला फौजदार म्हटलं नाही. "कालपासून नाही कळत," ती म्हणाली. "म्हटलं, दुखत तर नाही ना? एका बाळाचं करतेस, त्यात माझं कशाला."

शेजारणीच्या हातात लेक दिली आणि गाडी बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "बधिरपणा कधीपासून? दिवस नको, तास सांगा."

माझ्या कुठल्याच वहीत ते नव्हतं. आईच म्हणाली, "पेडल बिघडलं तेव्हापासून."

सोमवारी साडेपाचला लेकीचं दूध झालं होतं, वहीत होतं. त्यानंतर लगेच मी आईचं घड्याळ लावलं होतं. "वीस तास," मी म्हटलं. डॉक्टरांनी मागे वळून हात केला आणि दोन माणसं स्ट्रेचर घेऊन पळत आली.

नसांवरचा मणक्याचा दाब काढायचं ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. त्याला आज तीन आठवडे झाले. उजव्या पायाची बोटं अजून वर उचलत नाहीत. लघवीची नळी काढून बघतात, पुन्हा घालतात. नसा सावकाश जाग्या होतात, म्हणतात. होतीलच, असं कुणी म्हणत नाही. काल आई म्हणाली, "फौजदार, लिहा पाच. दुखतंय." आणि मी बाहेर जाऊन रडले, कारण दुखत होतं.

डोळे काढलेलं ते शून्य अजून फ्रिजवर आहे. तो कागद मी उतरवलेला नाही.

तुमच्या घरात कमरेला पट्टा बांधणारं कुणी असेल आणि हल्ली ते कुरकुरत नसेल, तर हे वाचणं इथेच थांबवा. आतल्या खोलीत जा. दुखतंय का, असं विचारू नका. ते नाही म्हणतील. पाऊल हातात घ्या आणि म्हणा, माझा हात दाबून दाखव. लघवीला कधी गेली होतीस, ते विचारा. लाजतील, चिडतील, फौजदार म्हणतील. तरी विचारा. आत्ता.