एकदाच विचारायचं

मनालीच्या हातून जेवला नाही असा म्हातारा हाटकेशपासून सिल्व्हर पार्कपर्यंत नव्हता. ही तिची एकटीची बढाई नव्हे, नव्या घरी पाठवताना आया पुरवणाऱ्या ब्युरोची बाईसुद्धा हेच सांगायची. सहा वर्षं ती आजारी माणसांकडे दिवसपाळीला जात होती. मनोरमाबाईंनी सुनेनं आणलेलं ताट दोनदा भिंतीवर फेकलं होतं, त्यांना मनालीनं आठ दिवसांत मऊ भातावर आणलं. तिची रीत साधी. माणूस 'नको' म्हणालं की ते खरं मानायचं नाही. 'दोनच घास, माझ्यासाठी' म्हणायचं, दोनाचे चार करायचे आणि वाटी कधी संपली ते त्याला कळूही द्यायचं नाही.

ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती, घरातच होती. तिचा बाप राघो मूळचा संगमेश्वराकडचा. भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यात भांड्यांना पॉलिश करता करता छाती खराब करून घरी बसलेला. हा माणूस आयुष्यात पहिल्या विचारण्याला कधी 'हो' म्हणाला नाही. भाकरी पुढे आली की ताटावर हात आडवा. "नको गो, पोट भरला." मग त्याची बायको दुर्गा म्हणायची, "अर्धी तरी." तो परत नको म्हणायचा, ती टाकायची, तो खायचा. रोज दोन वेळा हाच खेळ. पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणतो तो हावरट आणि एकदाच विचारून टोपावर झाकण ठेवते ती कद्रू, हा आपल्याकडचा कायदा. कुठे लिहिलेला नाही, पण मोडून बघा. दुर्गा चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून अर्धी भाकरी टाकायचं काम मनालीकडे आलं होतं.

आणि आता मनालीला इंग्लंडला जायचं होतं. तिथल्या एका वृद्धाश्रमाला मुली हव्या होत्या. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. दुसऱ्याच्या ओट्याशी उभ्यानं डबा खायचा आणि हाक आली की खरकट्या हातानं धावायचं, याला ती विटली होती. ती गेली की राघोनं घोडबंदरला तिच्या भावाकडे, सूरजकडे राहायचं, असं ठरलं होतं.

तिकडे जाणाऱ्या मुलींना तयार करणाऱ्या, सिल्व्हर पार्कातल्या यतीन सरांच्या क्लासात शिकवायला हेलन मॅडम आल्या होत्या. पासष्टीच्या. तिकडच्या वृद्धाश्रमात तीस वर्षं काढलेल्या आणि निवृत्तीनंतर देशोदेशी फिरून शिकवणाऱ्या. त्या इंग्रजी पुस्तकातून शिकवत नसत, शेगडीवर शिकवत. पावावर टोमॅटोच्या गोडूस रसातला घेवडा, लोणी घालून घोटलेला बटाटा, ओटची दुधातली पेज. मुलींनी नाकं मुरडली, मग त्याच मुली डब्यातून घावणे, कुळथाची पिठी आणायला लागल्या. पिठी खाऊन मॅडमच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी वाटी त्यांनी सोडली नाही. "तुमची पेज आणि आमची पेज, दोन्ही आजारी माणसाचीच," असं त्या म्हणाल्या तेव्हा मनालीला वाटलं, जमलं. जग सगळीकडे सारखंच आहे.

नोकरीसाठीची परीक्षा मॅडमच घेणार होत्या. त्या खुर्चीत आश्रमातली म्हातारी होऊन बसल्या. मनालीनं ट्रे आणला, बटाटा, वाटाणे, वर तपकिरी रस. बसून, डोळ्यांत बघून, शुद्ध इंग्रजीत तिनं जेवणार का विचारलं.

"नो, थँक यू, लव्ह," मॅडम म्हणाल्या.

मनाली हसली. इथेच तर तिचा हातखंडा. "ओन्ली टू स्पून, मॅडम. फॉर मी." मॅडम पुन्हा नको म्हणाल्या. तिनं चमचा ओठांपर्यंत नेला, लाडीगोडी केली. मॅडमनी खाल्लं. सगळा बटाटा खाल्ला. मनालीनं विजयानं यतीन सरांकडे बघितलं.

मॅडमनी तिला नापास केलं.

"मी दोनदा नाही म्हणाले," त्या सावकाश सांगत होत्या आणि सर मराठीत समजावत होते. "तू प्रेमानं भरवलंस, ते कळलं मला. पण तिथं आलेल्या माणसाच्या हातात काही उरलेलं नसतं. उठायचं कधी, अंघोळ कधी, सगळं दुसरे ठरवतात. नको म्हणणं तेवढं त्याचं असतं. एकदा विचार. दुसरं काही हवं का विचार. नको म्हणाले तर ट्रे उचल, वहीत लिही, अर्ध्या तासानं परत जा."

मनालीला आधी राग आला. उपाशी ठेवायचं आणि त्याला मान म्हणायचं, वा रे रीत. मग घरी चालत येताना तिला मनोरमाबाई आठवल्या. शेवटचे घास घेताना त्या डोळे मिटायच्या. मनालीला वाटायचं, तृप्तीनं. आज तिला तसं वाटेना.

दहा दिवसांनी पुन्हा परीक्षा होती. जित्याची खोड ती, दहा दिवसांत कशी जाणार? राघो म्हणाला, "माझ्यावर कर की सराव. मी होतो ती गोरी म्हातारी."

पहिल्या दिवशी दोघंही हसले. मनालीनं विचारलं, "वुड यू लाइक सम मोअर राइस, प्लीज?" राघोनं हात आडवा केला, "नको गो." "ओके," म्हणून तिनं टोप उचलला. त्याचा हात तसाच ताटावर राहिला. अर्ध्या तासानं ती परत विचारायला आली. तेव्हाही तो नकोच म्हणाला, कारण पहिल्या विचारण्याला हो म्हणायची जीभच त्याला नव्हती, आणि मनाली दर वेळी पहिल्यांदाच विचारत होती.

चौथ्या दिवशी तो हसला नाही. सहाव्या दिवशी चादर झटकताना तिला त्याच्या उशीखाली बिस्किटांचा पुडा सापडला, अर्धा संपलेला.  पण तिनं पुडा होता तिथे ठेवला. चारच दिवस राहिलेत, असं स्वतःला सांगितलं. माणूस आपलं काम साधताना स्वतःला काय काय सांगतो.

रविवारी दोघं सूरजकडे जेवायला गेले. सुनेचा, रुचिताचा स्वभाव वाईट नव्हता. तिला दुपारच्या पाळीला निघायचं होतं, एवढंच. "बाबा, भात?" तिनं विचारलं. "नको," राघो म्हणाला. "बरं," म्हणून तिनं झाकण ठेवलं आणि डबा भरायला गेली. मनालीचा हात टोपाकडे गेला होता. परीक्षा बुधवारी होती, सवय मोडायला नको, म्हणून तिनं तो मागे घेतला. राघोनं ताटातली शितं एकेक वेचून खाल्ली.

बुधवारी हेलन मॅडम नको म्हणाल्या. मनाली म्हणाली, "दॅट्स ऑल राइट." दुसरं काही हवं का विचारलं, ट्रे उचलला, वहीत लिहिलं.  मॅडमनी उठून तिला मिठी मारली. यतीन सरांनी पेढा दिला, तो तिनं रुमालात बांधला.

दुपारी ती खोलीशी पोचली तेव्हा दार लोटलेलं होतं आणि आत राघो बोलत होता. फोन असेल म्हणून ती थांबली.

"रुचिता, मला जरा भात वाढ."  मग पुन्हा, हळू, "रुचिता, थोडा भात हाय का? भूक हाय अजून." घसा खाकरला. "रुचिता, भात वाढ. प्लीज."

तिनं दार ढकललं. रिकामं ताट पुढे घेऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिला बघून ओशाळला.

"झालीस पास?"

"झाले."

"बरं झालं गो. माझी पोर जाणार म्हणजे."

ती शेगडीशी गेली, टोप घेऊन आली. परीक्षा संपली होती, आता ती हवा तेवढा आग्रह करू शकत होती. तिनं भाताचा चमचा भरला आणि तिला कळेना, विचारायचं की नुसतं टाकायचं. ती तशीच उभी राहिली.

राघोनं ताट दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. नजर भिंतीवरच होती. "मला भात वाढ," तो म्हणाला. "भूक हाय."

तिनं वाढला. तिचे डोळे भरून आले होते, त्यामुळे शितं खाली सांडली.

"जमला ना गो?" राघोनं विचारलं. "तिथं जाऊन असाच म्हणायचा ना?"