न प्यालेली कॉफी

शुक्रवारी सकाळी तिळाचा कडक पाव चावताना अबू सुहैब यांच्या तोंडात कट्कन आवाज झाला आणि पुढच्या चार खोट्या दातांचा ब्रिज जिभेवर आला. जॉर्डनमधल्या करकमध्ये शुक्रवारी दातांचे दवाखाने बंद. आणि दुपारच्या नमाजानंतर पुतण्यासाठी मुलगी मागायला जायचं होतं, शंभर माणसं घेऊन. बोलायचं होतं ते अबू सुहैब यांनीच.

चाळीस वर्षांत त्यांनी गोतातल्या किती मुलांसाठी मुली मागितल्या याची गणती नव्हती. नकार एकदाही नाही. निवृत्त शाळा तपासनीस, आवाज खणखणीत. दिसण्याच्या बाबतीत मात्र गडी भलताच हळवा. दात खोटे आहेत हे बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. पण आज नुसत्या दिसण्याचा प्रश्न नव्हता. रकान त्यांच्या वारलेल्या भावाचा मुलगा, आणि मुलगी अबू नायेफची. जैतुनाच्या बागेच्या बांधावरून या दोन घरांत सात वर्षं अबोला होता. तो नुकताच कुठे मिटला होता.

"तो चपलेचा गोंद कुठंय?" त्यांनी विचारलं.

"दात तोंडात बसवायचेत की पायात?" त्यांची बायको उम्म सुहैब म्हणाल्या आणि त्यांनी अम्मानला बहिणीच्या मुलीला फोन लावला. ती दातांची डॉक्टर.

"मावशी, काकांना म्हणावं गोंदाला हातसुद्धा लावू नका. आतले खरे दात हकनाक जातील," ती म्हणाली. "ब्रिज पाण्यानं स्वच्छ धुवा. औषधाच्या दुकानातून कवळी चिकटवायची पेस्ट आणून अलगद टेकवा. नुसतं बोलण्यापुरतं चालेल. काही चावायचं नाही, गरम काही प्यायचं नाही. पेस्ट सैल होते, आणि ब्रिज चुकून गिळलात तर पंचाईत. उद्या सकाळी इकडे या."

"आणि कॉफी?" अबू सुहैब शेजारून ओरडले.

"गरम नाही, काका."

त्यांनी हिशेब केला. मागणी घालणाऱ्यापुढे कॉफी ठेवतात, पण होकार येईपर्यंत तो तिला शिवत नाही. आपण बोलणार, मग ते बोलणार. तोवर ती थंडगार झालेली असते. चाळीस वर्षं थंडच प्यायलो की. त्यांचा जीव भांड्यात पडला.

अबू नायेफच्या अंगणात मांडवाखाली दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसली. कॉफी पुढे आली, अबू सुहैब यांनी ती बाजूला ठेवली आणि उभे राहिले. बोलले ते असं, की समोरचे म्हातारेही माना डोलवू लागले. ब्रिज जागचा हलला नाही. त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं.

अबू नायेफ उठला. "तुम्ही आलात, आमचं अंगण भरलं. जुमाना तुमची मुलगी झाली. प्या कॉफी, अबू सुहैब." मग त्याचं लक्ष त्या पेल्याकडे गेलं. "छे, गार झाली ही. पाहुण्याला गार कॉफी द्यायची? ओता ती. ताजी आणा."

सगळ्यांना कॉफी वाटली आणि त्यांच्यापुढे नवा पेला आला. वाफ वर येत होती.

अबू सुहैब यांनी तो उचलला आणि खाली ठेवला. जरा निवू दे, म्हणाले मनात. पण ते पीत नाहीत तोवर कुणीच पीत नव्हतं. शंभर पेले तसेच राहिले. होकारानंतरही पेला भरलेला, म्हणजे पाहुण्याचं मागणं अजून शिल्लक आहे. हे तिथल्या लहान पोरालाही कळत होतं.

अबू नायेफचा चेहरा उतरला. "आणखी काही मागायचं होतं का?" त्यानं हळूच विचारलं. "बांधाचं काही असेल तर आत्ताच बोला."

मागून कुणीतरी म्हणालं, "मला वाटलंच होतं." अबू सुहैब यांनी रकानकडे पाहिलं. पोराचं तोंड पांढरं पडलं होतं. बाप गेला त्या दिवशी तो असाच दिसला होता.

त्यांनी रुमाल काढला. शंभर माणसांदेखत तोंडात दोन बोटं घातली, ब्रिज उपसून रुमालात ठेवला आणि वाफाळती कॉफी एका घोटात पिऊन टाकली.

"बांध तुमचा, बाग तुमची," ते म्हणाले. प्रत्येक शब्दाबरोबर हवा सुटत होती. "माझं मागणं काही नाही. सकाळी दात पडले, म्हणून गरम प्यायची चोरी होती. एवढंच. लाज वाटली, म्हणून बोललो नाही."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं अंगण हसलं. अबू सुहैब यांचे कान तापले. ते मान खाली घालून बसले.

"आता फातिहा," अबू नायेफ म्हणाला. "तुम्हीच म्हणा, मोठ्यानं."

"दुसऱ्या कुणाला सांगा. मला नीट जमणार नाही."

"जमेल तशी म्हणा. मुलगी मी तुमच्या घरात देतोय, तुमच्या दातांना नाही."

त्यांनी ती प्रार्थना म्हटली. शब्द कुठे कुठे अडखळले. आता मात्र कुणी हसलं नाही. शेवटचं आमीन शंभर जणांच्या आधी रकाननं म्हटलं, आणि उठून काकांच्या कपाळाचं चुंबन घेतलं.