तपासणीतली घोणस

दवाखान्याच्या गुणवत्तेची तपासणी होती, म्हणून सकाळीच सगळे पेशंट घरी पाठवले होते. पेशंट असले की दवाखाना घाण होतो, हे डॉक्टरांना अनुभवानं माहीत होतं. दवाखान्याचं नाव सांगत नाही. दारातून लेण्याद्रीचा डोंगर दिसतो, एवढं पुरे.

पण एक तरी पेशंट लागतोच, कारण समिती त्याला समाधान विचारते. त्यासाठी अवसरीहून सोपान आणला होता. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा मेव्हणा, धडधाकट गडी. दाढी करवून, नव्या निळ्या चादरीवर झोपवून, हाताला चिकटपट्टीनं सलाइनची नळी डकवली होती. आजार तेवढा ठरायचा होता.

तेवढ्यात खोडदच्या माळावर मेंढरं बसवलेला राघू आला. पाठीवर बायको, बाळाबाई. एका हातात काठी, दुसऱ्यात सुतळीनं तोंड बांधलेली खताची गोणी.

"घोनस चावली हिला, सायेब. सुई द्या लवकर. जनावर बी आनलंय वळखायला."

आमच्याकडे साप चावला की माणसाबरोबर सापही दवाखान्यात आणतात. नाहीतर 'कोणता होता?' यातच वेळ जातो.

बाळाबाईचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"अहो, रक्त! चादरीला लागेल," मोहिनी सिस्टर म्हणाल्या. "बाहेर बाकावर बसवा."

"आन सुई?"

"सुई फ्रिजमध्ये आहे आणि फ्रिज समितीसाठी लावून ठेवलाय. पाहणी झाली की देतो."

"तवर ही ऱ्हाईल का?"

डॉक्टरांचं लक्ष गोणीकडे होतं. "मेलीय ना?"

"लई हानलीय."

"मग ठेवा इकडं."

गोणी सोपानच्या खाटेखाली गेली. सोपानला आजार मिळाला.

समिती आली. फ्रिज पाहिला, खूश झाली. मोठे साहेब खाटेशी थांबले.

"काय झालं?"

"साप चावला, साहेब. उपचार एकदम फस्टक्लास."

"त्रास?"

"बिलकूल नाय!"

"साप सोबत आणलाय, सर," डॉक्टर म्हणाले. "आपल्या जनजागृतीचं फळ." त्यांनी स्वतः सुतळी सोडली.

घोणस मार खाऊन बेशुद्ध पडली होती, एवढंच. कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसत ती बाहेर आली. सोपान नळीसकट खिडकीतून गेला. समिती मागच्या दारानं गेली. डॉक्टर टेबलावर चढले, सिस्टर त्यांच्यामागं.

राघूनं आत येऊन घोणस काठीनं कोपऱ्यात दाबून धरली.

"बाळे, खाट मोकळी झालीय. पड जा."

बाळाबाई भिंत धरत आली आणि निळ्या चादरीवर कोसळली.

"सिस्टरबाई, आता फ्रिज उघडा."

"आधी त्या घोणशीला मार ना, बाबा!" डॉक्टर टेबलावरून ओरडले.

"मारतो की. सुई चालू झाल्यावं. नायतर काठी उचलतो."

फ्रिज उघडला.

बाळाबाई वाचली. दवाखान्यालाही प्रमाणपत्र मिळालं. अहवालात खास नोंद होती : सर्पदंशाचा रुग्ण उपचारांनंतर काही क्षणांत पळू लागला.

घरी सोडताना सिस्टरांनी राघूच्या हातात रक्ताळलेली चादर दिली.

"धुवून आणा. पुढच्या तपासणीला लागेल."

राघूनं चादरीला काठी पुसली, चादर परत खाटेवर टाकली आणि बाळाबाईचा हात धरून तो निघाला.