पाटीवरचे गृहस्थ

मित्रांनो, मला जुनी म्हटलंत तर माझी हरकत नाही, पण डबा म्हणू नका. मी टपालपेटी आहे. एका चार मजली इमारतीच्या जिन्याखाली आम्ही बारा बहिणी भिंतीला पाठ टेकून उभ्या आहोत आणि त्यांतली मी सातवी. तिसऱ्या मजल्यावरच्या सात नंबरला जे काही टपाल येतं ते माझ्या पोटात पडतं.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. मला कापलं, वाकवलं, ठोकलं. तोंडाला फट पाडली, पोटाला दार लावलं आणि कपाळावर काचेची एवढीशी चौकट बसवली. त्या चौकटीत राहणाऱ्याच्या नावाची पाटी सरकवायची असते. मला राखाडी रंग फासताना रंगारी म्हणाला होता, "हिच्या कपाळी कुणाचं नाव लिहिलंय, देव जाणे!" सगळा कारखाना हसला. मी पत्र्याची, मला तो विनोद कळायला बरीच वर्षं लागली.

सुरुवातीची वर्षं भरल्या पोटाची गेली. लोक मला रविवारी फडक्याने पुसत. माझी किल्ली घरात खिळ्याला टांगलेली असे. मग फोन आले आणि माणसांना जे सांगायचं ते तिथेच सांगून टाकायची सवय लागली. माझ्याकडे उरल्या जाहिराती: गालिचे धुऊन मिळतील, दात बसवून मिळतील. बिजागरी गंजली. कडी एका बाजूला लोंबू लागली. कुणीतरी माझ्या फटीत च्युइंगम कोंबलं, ते मी आजवर गिळलेलं नाही.

सात नंबरमध्ये परदेशातून शिकायला आलेली मुलं राहत. दर दोन वर्षांनी नवी येत आणि जुनी पाटी न काढता तिच्यापुढे आपली सरकवत. अशा पाच पिढ्या एकावर एक माझ्या कपाळात घट्ट बसल्या होत्या. पण माझा थोडाफार मान राखला तो या मुलांनीच. म्हणजे, नियमाने राखला. नियम असा की शिक्षण संपलं की या मुलांना इथे वर्षभर काम करता येतं, पण त्यासाठी सरकारकडे अर्ज करायचा आणि परवान्याचं कार्ड हातात पडेपर्यंत एक दिवसही काम करायचं नाही. सरकार बाकी सगळं फोनवर कळवतं, हे कार्ड तेवढं टपालाने धाडतं. त्यामुळे दोन वर्षं माझ्या अंगावर ओली छत्री टेकवून जाणारं माणूस पदवी मिळाली की दिवसातून सहा वेळा माझ्यासमोर उभं राहतं.

मुंगीही तशीच उभी राहू लागली. मुंगी हे तिचं खरं नाव नव्हे. ती सतत काही ना काही उचलून तिसऱ्या मजल्यावर नेत असते, म्हणून तिच्या मैत्रिणीने ठेवलेलं. मैत्रिणीला मुंगी 'वकीलबाई' म्हणते. वकीलबाई शिकते जमिनीखालची जुनी भांडी शोधायचं शास्त्र, पण वाद घालताना थांबत नाही. मुंगी पाण्याची परीक्षा करायला शिकली होती आणि पिण्याचं पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला जागाही मिळाली होती. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी नऊला कार्ड घेऊन या. नाहीतर यादीतल्या पुढच्याला बोलवावं लागेल."

गुरुवारी कार्ड आलं. मित्रांनो, ते पाकीट मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या फटीपर्यंत आलं आणि परत गेलं!

त्याचं असं झालं. आमच्या भागात एक नवे टपालवाले आले होते. मिशा टोकदार, बूट चकचकीत, नियम पाठ. त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं, माझ्या कपाळावरचं वाचलं, मान हलवली आणि पाकीट पिशवीत परत टाकलं. संध्याकाळी मुंगीच्या फोनवर टपालखात्याचा निरोप आला: 'पत्ता बरोबर. या नावाचे गृहस्थ तेथे राहत नाहीत.'

शुक्रवारी टपालवाले आले तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर दोघी बसलेल्याच होत्या.

"काका, काल सात नंबरचं पाकीट परत नेलंत ना? ते माझं आहे."

टपालवाल्यांनी पाकीट काढलं, हातभर लांब धरलं. "हे नाव तुमचं?"

"नाही. म्हणजे हो. आधी आहे ते माझं आडनाव. नंतर आहे ते माझ्या बाबांचं नाव."

"मग तुमचं नाव कुठे आहे?"

"मधे. पण मधलं नाव पाकिटावर छापत नाहीत."

"म्हणजे तुम्ही सोडून घरातले सगळे पाकिटावर आहेत," टपालवाले म्हणाले. त्यांचा चेहरा गंभीर होता. "मग वडिलांना बोलवा खाली."

"ते इथे नाहीत हो! ते तिकडे, आमच्या गावी."

"तेच तर मी लिहिलंय. राहत नाहीत."

इथे वकीलबाई उठली. "अहो, हा बघा पासपोर्ट. यावर हेच नाव, हाच फोटो. आता काय म्हणणं आहे?"

"ताई, पासपोर्ट बघणारी माणसं वेगळी असतात, त्यांना खुर्ची असते. मला पाटी वाचायचा अधिकार आहे. उद्या सकाळी पाटीवर हे नाव असेल तर पाकीट आत. नसेल तर दुपारच्या गाडीने सरकारकडे परत. आणि गेलं की महिनाभर विसरा." मग जरा मिशा खाली करून म्हणाले, "मला चार मुली आहेत हो. पण पाटी ती पाटी."

चूक कुणाची होती म्हणता? मुंगीचे बाबा एका शाळेत कारकून. तीस वर्षं त्यांनी मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले लिहिले. आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग बापाचं नाव. लेकीच्या पासपोर्टचा अर्जही त्यांनीच भरला, दाखल्याबरहुकूम. पहिलं नाव म्हणजे पहिल्यांदा येतं ते, शेवटचं नाव म्हणजे शेवटी येतं ते! त्यामुळे इथे कॉलेजात मुंगीने बरोबर उत्तर दिलं की प्राध्यापक तिच्या बाबांना शाबासकी देत. फक्त माझ्यावरची पाटी तिने स्वतः, स्वतःच्या नावाने लिहिली होती, आणि तीच तेवढी कायद्याने चुकली होती.

तिने तिथूनच बाबांना फोन लावला, चेहरा दिसेल असा.

"बाबा, सगळी तुमच्या दाखल्याची करणी!"

"दाखल्यात चूक नाही," बाबा म्हणाले. "तीस वर्षांत एक दाखला परत आला नाही माझ्याकडे."

"दाखला नाही आला, माझं कार्ड परत चाललंय!"

बाबांनी टेबलावरचा एक कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "पट्टी घे. जाड शाईचं पेन घे. आडनाव आधी."

पाटी झाली झकास. पण ती आत सरकेना, कारण माझ्या कपाळात पाच पिढ्या दाटीवाटीने बसलेल्या आणि चौकट गंजून आवळलेली. मुंगीने नखाने ओढून पाहिलं, वकीलबाईने चमच्याने. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या आयुष्यात एकच महत्त्वाचं काम आलं आणि मीच दात आवळून बसले!

"सरक बाजूला," वकीलबाई म्हणाली. "हजार वर्षांची मडकी मी तुकडा न पाडता काढते. ही तर कालची पोर." तिने बारीक ब्रश आणला, गंज झाडला, कडेकडेने तेलाचे थेंब सोडले आणि पंधरा मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. तेवढ्या पंधरा मिनिटांत तिने वाद घातला नाही, याची मी साक्षीदार आहे. मग एकेक पाटी अलगद बाहेर आली आणि नवी सुळ्ळकन आत गेली. तिने बिजागरीलाही तेल दिलं. कित्येक वर्षांनी माझं दार न कुरकुरता मिटलं.

मुंगीने फोन माझ्यासमोर धरला. बाबांनी चष्मा वर करून बघितलं.

"दिसतंय का नाव?"

"दिसतंय," बाबा म्हणाले. बराच वेळ बघत राहिले. "पेटी पुसून घे गं जरा. माणसं बघतात."

शनिवारी सकाळी टपालवाले आले. दोघी पायरीवर हजर. त्यांनी पाकीट काढलं, माझं कपाळ वाचलं, मग पाकीट, मग पुन्हा कपाळ. एकेक अक्षर ओठांवर. आणि मग टप्प! ते पाकीट माझ्या पोटात पडलं. त्यात जेमतेम एक कार्ड होतं, पण खरं सांगते, इतकं भरल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

मुंगीने दार उघडलं, पाकीट फाडलं आणि अशी किंचाळली की माझ्या अकरा बहिणी खडखडल्या. वकीलबाई तिला उचलून गरगर फिरवू लागली. टपालवाल्यांनी टोपी काढली आणि मुंगीला म्हणाले, "अभिनंदन, साहेब!"

सोमवारी पावणेनऊलाच ती प्रयोगशाळेच्या दारात होती. आता ती गावभरच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून तपासते, आणि त्या बाटल्या मुंगीसारखी वाहून नेते ते वेगळंच.

तीन आठवड्यांनी माझ्यात एक जाड पाकीट पडलं. टपालवाले ते हातात घेऊन बराच वेळ उभे होते. पाठवणाऱ्याच्या जागी मुंगीच्या बाबांचं नाव आणि घेणाऱ्याच्या जागीही मुंगीच्या बाबांचंच नाव. अक्षर दाखल्यासारखं. "गृहस्थ स्वतःलाच पत्र लिहितात," ते पुटपुटले. "असो. पाटी बरोबर आहे."

मुंगी ते पत्र माझ्यासमोरच उभी राहून वाचू लागली. माझं दार उघडं होतं, म्हणून मलाही पहिली ओळ दिसली. तीस वर्षं दाखले लिहिणाऱ्या त्या माणसाने तिथे एकच शब्द लिहिला होता. लेकीचं नाव. आधी आडनाव नाही, नंतर बाप नाही. मुंगीने त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं आणि मग पुढचं पत्र हसत हसत, जिना चढता चढता वाचलं.

मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली माझी एखादी बहीण असेल. तिच्यात च्युइंगम कोंबू नका. वर्षातून एकदा बिजागरीला दोन थेंब तेल द्या आणि तिच्या कपाळावरची पाटी वाचून बघा, तुम्ही तिथे राहता की नाही ते. आणि कुठलाही अर्ज भरताना 'पहिलं नाव' या रकान्यापाशी क्षणभर थांबा. घाई करू नका. तिथे तुम्हीच जायचं आहे.