‘सगळं जमतं’ची भरपाई

नीलिमाचा स्वभावच मुळी असा, की अंगात ताप फणफणला तरी सांगणार, "काही नाही हो, बरंय सगळं." घरात ठीक आहे, पण कोर्टात असं कोणी सांगतं का? ही बाई सांगून आली!

क्लेमेंटी भागात रस्ता ओलांडताना एका व्हॅनने तिला उडवलं आणि उजवं मनगट मोडलं. चूक व्हॅनवाल्याचीच होती. भरपाई किती, एवढंच कोर्टाच्या रजिस्ट्रारने ठरवायचं होतं. विमा कंपनीच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "स्वयंपाक जमतो?"

"जमतो की!"

मग त्याने एक फोटो पुढे केला. गणपतीत मंडळाच्या ग्रुपवर तिनेच टाकलेले मोदक! "हे तुम्ही केलेत?"

"हो."

झालं! हात जवळजवळ बरा झालाय असं धरून रजिस्ट्रारने इतकी तुटपुंजी रक्कम दिली, की नोव्हेनाच्या हॉस्पिटलातले पुढचे उपचारही त्यात होईनात.

"अपील करू," तिचा वकील रुचिर म्हणाला. "न्यायाधीश रक्कम वाढवू शकतात. डॉक्टरांचा नवा अहवालही देऊ. पण ताई, ते मोदक?"

नीलिमाचा चेहरा पडला. मोदक तिच्या नवऱ्याने, सुबोधने वळले होते. वाहवा मात्र हिने लुटली होती.

"खरं सांगावं लागेल," रुचिर म्हणाला.

"अहो, सासूबाई आहेत त्या ग्रुपवर!"

पण हात कायमचा अधू राहण्यापेक्षा नाक कापलेलं परवडलं. अपिलाच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी सुबोधला साक्षीला बोलावलं. बँकेतला माणूस मोदक वळतो हे विमा कंपनीच्या वकिलाला काही केल्या पटेना.

सुबोध भडकला. "उकड आणा, आत्ता वळून दाखवतो!"

न्यायाधीशबाईंना हसू आवरेना. मग त्या नीलिमाकडे वळल्या. "आणि तुमचा हात कसा आहे?"

"दुखतो. साधी वेणी घालता येत नाही. मागे मी खोटं बोलले, माफ करा." आणि भर कोर्टात ती हमसाहमशी रडली. बाईंनी आधी तिला खोटेपणाबद्दल चांगलं खडसावलं आणि मग रक्कम वाढवून दिली. उपचार पूर्ण होतील एवढी.

बाहेर आल्यावर रुचिर खुशीत होता, पण सुबोधने नीलिमाला बाजूला घेतलं.

"इतकं दुखतं? मला का नाही सांगितलंस गं?"

"तू मोदक वळत होतास, लादी पुसत होतास. आणखी काय रडगाणं गायचं तुझ्यापुढे?"

"वेडी आहेस!" म्हणत त्याने तिच्या खांद्यावरची पर्स ओढून स्वतःच्या खांद्याला लावली.

"अरे, लोक हसतील."

"हसू देत."

एरवी तिने ती हिसकावून घेतली असती. आज घेतली नाही.