जादा एच

छापखान्यात त्यांना सगळे 'अनुस्वार' म्हणत, कारण ते प्रत्येकाच्या डोक्यावर बसत. मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाले, तरी सवय सुटली नव्हती. मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा त्यांनी आधी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि मग तळाची ओळ वाचली : येणार की नाही, ते बाबांनी स्वतः सोमवारपर्यंत कळवावं.

आज सोमवार होता.

"करा की फोन," बायको म्हणाली.

"फोन करणार नाही, असं मी भांडणात तिला सांगितलंय. ईमेलबद्दल काही बोललो नव्हतो."

"तो जातो फोनच्याच तारेतून ना?"

अनुस्वारांनी हे ऐकलंच नाही. मुलगी घर सोडताना मागे ठेवून गेलेल्या कॉम्प्युटरवरचं फडकं काढून त्यांनी फोनची वायर मोडेमला जोडली. मोडेमनं नंबर फिरवला, किंचाळला, घसा खरवडला आणि गप्प झाला. पासवर्ड चुकीचा.

पासवर्ड त्यांना पाठ होता. "माझं घरातलं नाव, बाबा," असं तिनंच सांगितलं होतं. छकुली. त्यांनी एकेक इंग्रजी अक्षर तपासत पुन्हा टाइप केलं. पुन्हा चुकीचा.

मग वायर मोडेममधून काढून फोनला लावली आणि इंटरनेट कंपनीच्या मदतनिसाला गाठलं.

"काका, मी लाइनवर थांबतो, तुम्ही कनेक्ट करून बघा."

"तुम्ही लाइनवर आहात म्हणूनच तर होत नाहीये!"

"अच्छा. स्पेलिंग बरोबर टाकताय ना?"

"त्यात माझी उभी हयात गेलीय."

"मग वायर बदला."

वायर बदलली. सॉकेटमध्ये फुंकर मारली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. बाहेर दिवे लागले.

"ती लिहायची तसं लिहून बघा," बायको म्हणाली. "एकाच एचचं."

"छला दोन एच लागतात. एकानं तिची चकुली होते!"

"तिनं हातानं केलेल्या एकेका शुभेच्छापत्रावरच्या इंग्रजी सहीत लाल शाईनं एच घुसवलात तुम्ही. नाव तिचं आहे हो."

अनुस्वारांनी चोरासारखं इकडेतिकडे बघितलं आणि एक एच पुसला. मोडेम किंचाळला, खरवडला आणि लागला.

'आम्ही येतोय,' एवढंच त्यांनी लिहिलं. मग ते तपासायला घेतलं. तिसऱ्यांदा तपासत असताना कनेक्शन तुटलं. आतल्या खोलीतला जोडफोन बायकोनं उचलला होता.

"अगं, पाठवायचं होतं!" म्हणत अनुस्वार आत धावले.

"तुमचं तपासून होईतो तिचं लग्न लागेल." तिनं नंबर फिरवला. "छकुले, थांब, बाबा बोलतायत."

रिसीव्हर हातात आला. अनुस्वारांनी मोडेमसारखाच घसा खरवडला.

"येतोय आम्ही." त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "पत्रिकेत दोन चुका आहेत."

"माहितीये बाबा. मुद्दाम ठेवल्या. नाहीतर तुम्ही ती तळापर्यंत वाचली असती का?"