दोन गेंडे आणि एक रिकामं खोकं

टूथपेस्टच्या खोक्यात बोटाएवढा प्लॅस्टिकचा प्राणी फुकट येऊ लागला आणि कमरीपेठेतल्या बायका एकाएकी दातांची फार काळजी घेऊ लागल्या. चैत्रगौरीपुढच्या आरासीत या प्राण्यांना मानाची जागा मिळाली. हत्ती घरोघर होता, म्हणून त्याला कुणी विचारत नसे. दोन हत्ती दिले तर एक उंट मिळायचा. गेंडा मात्र कशाच्याही बदल्यात मिळत नव्हता.

रुक्मिणीकडे गेंडा सोडून सगळे होते. फाल्गुनात तिनं आप्पासाहेबांच्या दुकानातून एक खोकं आणलं, उघडलं, तर आत नुसती ट्यूब! ती तशीच उलट पावली दुकानात गेली.

आप्पासाहेबांनी खोकं उलटं करून आपटलं, एक डोळा मिटून आत पाहिलं आणि भरल्या दुकानात म्हणाले, "वहिनी, कंपनी चुकत नाही. उघडल्याबरोबर पळालं असेल. हरीण होतं काय?"

दुकान खो खो हसलं. रुक्मिणीला आजवर कुणी खोटं म्हटलं नव्हतं. तिनं ते खोकं फडताळात जपून ठेवलं आणि त्या दिवसापासून मीठसुद्धा ती जुन्या हुबळीतून आणू लागली.

चैत्रात बातमी आली. पलीकडच्या बोळातल्या वत्सलाच्या खोक्यात म्हणे दोन प्राणी आहेत. तिनं ते अजून फोडलं नव्हतं. नुसतं हलवून सांगत होती. "हळदीकुंकवाला सगळ्यांदेखत उघडणार. कंपनीची चूक आहे अक्का, अशी चूक नशिबात असावी लागते!"

रुक्मिणीला नशिबाचा संशय आला. वत्सलाची बहीण गेल्याच महिन्यात बेळगावहून येऊन गेली होती, आणि येताना पिशवी जड होती. शिवाय वत्सलाचा नवरा मधुकर वह्या बांधायचा. घरात खळीचं भांडं कायम. झुरळ लागू नये म्हणून खळीत मोरचुदाची निळी पूड. खोकं उघडून परत चिकटवायला आणखी काय लागतं?

हळदीकुंकवाला ती सगळ्यांच्या आधी जाऊन पुढे बसली. आंब्याची डाळ हातात, डोळे खोक्यावर.

वत्सलानं कड उचकटली. दोन गेंडे टपटप पाटावर पडले. बायकांनी गौरीला केला नसेल असा नमस्कार केला. एकीनं एका गेंड्यासाठी दहा प्राणी देऊ केले, उंटासकट.

"सुटा देणार नाही," वत्सला म्हणाली. "खोक्यासकट जोडी आहे. चूक आहे म्हणून तर किंमत!"

"किंमत नंतर," कोपऱ्यातून आवाज आला. तानूबाई, आप्पासाहेबांच्या आई. "आधी डिंक बघा. रुक्मिणी, तुझी नजर बारीक आहे. बघ गं."

वत्सला घाईनं सगळ्यांपुढे पन्हं करू लागली.

रुक्मिणीनं खोकं उजेडाकडे धरलं. कडेला निळसर झाक होती. नाकाशी नेलं, तर खळीचा आंबूस वास. सापडली! तिनं बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात तानूबाई म्हणाल्या, "हे खरं असेल तर आमचा आप्पा तुला उगीच बोलला बघ. कंपनी एका खोक्यात दोन घालते, तर दुसऱ्यात एकही घालणार नाही, असं कशावरून? पण हे खोटं निघालं, तर कंपनी चुकत नाही हेच खरं."

रुक्मिणीनं तोंड मिटलं. डाळीचा एक घास खाल्ला. पुन्हा वास घेतला.

"कंपनीचाच डिंक आहे हो," ती म्हणाली.

"हौद्री! होय की हो!" वत्सला इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या दोघी दचकल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब स्वतः दारात आले, "वहिनी, चुकलं माझं" म्हणाले आणि एक नवं खोकं ठेवून गेले. त्यात हत्ती निघाला. पण आता हत्ती कोण बघतो! रुक्मिणीच्या आरासीत मधोमध ते रिकामं खोकं बसलं. बायका वाकून आत बघत, काही नाही याची खात्री करून घेत आणि कुंकू लावत. एकीनं त्यासाठी उंट देऊ केला. रुक्मिणीनं दिलं नाही.

शेवटी वत्सला आली. तिनं खोकं उचललं, उजेडाकडे धरलं, नाकाशी नेऊन सावकाश वास घेतला. मग रुक्मिणीकडे पाहून मान डोलावली.

"कंपनीचीच चूक आहे हो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. आणि पन्हं घेताना हळूच कानाशी लागली, "काळजी करू नको, अक्का. मी कुणाला सांगणार नाही."